नखाचा गुलाबी रंग नखाचा नसतो

भाचीचा साखरपुडा ठरला आणि तिने पहिल्यांदा स्वतःच्या बोटांकडे नीट पाहिलं. नखं खायची सवय लहानपणापासूनची. आजीने कडुनिंबाचा रस लावून झाला, आईने ओरडून झालं, काही फरक नाही. आता अंगठी घालतानाचे फोटो सगळ्या नातेवाइकांच्या मोबाइलमध्ये जाणार होते. म्हणून तिने सलूनमध्ये जाऊन अ‍ॅक्रिलिकची, म्हणजे एका कडक प्लास्टिकची, कृत्रिम नखं करून घ्यायचं ठरवलं. "मावशी, तू चल माझ्याबरोबर," म्हणाली. मी रसायनशास्त्र शिकवते, तेव्हा सलूनमध्येही माझा काही उपयोग होईल असं तिला वाटलं असावं. झालं उलटंच. दोन तास मीच शिकत बसले.

चावलेलं नख आखूड असतं म्हणून वाईट दिसतं, अशी आपली समजूत. पण बेताने कापलेलं आखूड नख तर छान दिसतं! गोम लांबीत नाही, रेषेत आहे. नख म्हणजे केराटिन या प्रथिनाचा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा पापुद्रा, जवळजवळ बिनरंगी. आपल्याला दिसतो तो गुलाबी रंग त्याच्या खालच्या त्वचेतल्या रक्ताचा. नख जिथे त्वचेपासून सुटतं तिथे खाली हवा येते आणि पुढचा भाग पांढरा दिसतो. गुलाबी आणि पांढऱ्याच्या या सीमेला सलूनमध्ये 'स्माइल लाइन' म्हणतात, आणि नख केवढं आहे हे आपली नजर या रेषेवरून ठरवते. नखं खाणाऱ्यांची ही रेषा वर्षानुवर्षं मागे सरकत जाते. पुढची उघडी पडलेली जागा साध्या कातडीसारखी होते, बोटाचं मांस वर उचललं जातं, आणि नखाचा आडवा चौकोन उरतो.

अशा नखावर पारदर्शक अ‍ॅक्रिलिक चढवलं तर कुरतडलेली कड काचेखाली ठेवल्यासारखी स्पष्ट दिसेल. म्हणून लागते कव्हर पावडर, म्हणजे खालचं झाकून टाकणारी अपारदर्शक गुलाबी पावडर. भाचीच्या नेल आर्टिस्टकडे गुलाबीच्या सहा छटा होत्या. तिने एकेक डबी बोटाशी धरून पाहिली आणि किंचित तपकिरीकडे झुकणारी निवडली. गोऱ्या कातडीसाठी बनवलेला गुलाबी आपल्याकडच्या बोटांवर खडूसारखा दिसतो, हे तिचं म्हणणं मला पटलं.

पावडर झाकते कशी? साधी अ‍ॅक्रिलिक पावडर आणि तिच्याभोवती घट्ट होणारं लिक्विड, दोन्हींचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो याचं माप, साधारण 1.5. प्रकाशाला दोघांतली सीमा जाणवतच नाही, तो सरळ पार जातो. कव्हर पावडरीत टायटॅनियम डायऑक्साइड असतं. त्याचा अपवर्तनांक 2.5 च्या वर. त्याच्या प्रत्येक कणापाशी प्रकाश वळतो, विखुरतो आणि खाली पोचण्याआधीच माघारी फिरतो. घराच्या भिंतीचा पांढरा रंग जुने डाग झाकतो तोही याच्याच जोरावर. गुलाबी-तपकिरी झाक लोहाच्या ऑक्साइडची, म्हणजे गेरूच्या कुळातली. हा थर चावलेल्या कडेच्या पुढे नेऊन तिथे नवी स्माइल लाइन कोरायची, आणि पुढे पांढरं अ‍ॅक्रिलिक. नजर फसते, आनंदाने फसते.

ब्रश लिक्विडमध्ये बुडवून पावडरीला टेकवला की टोकाशी एक ओलसर गोळी तयार होते. तिला म्हणतात बीड. लिक्विडमध्ये मुख्यतः एथिल मेथाक्रिलेट असतं, पावडरीत बेंझॉइल पेरॉक्साइड. लिक्विडातल्या अमाइनमुळे पेरॉक्साइड फुटतं, मुक्त मूलकं, म्हणजे जोडीदार शोधणारे रेणूंचे चळवळे तुकडे, सुटतात आणि सुटे रेणू एकमेकांचे हात धरून साखळ्या बांधू लागतात. या कामात उष्णता बाहेर पडते. मध्येच भाची "गरम लागतंय" म्हणाली ते त्यामुळे. काही मिनिटांत थर कानशीने घासण्याइतका कडक होतो, आत मात्र साखळ्या जोडण्याचं काम आणखी बराच वेळ चालू राहतं.

ही विद्या मुळात दातांच्या दवाखान्यातली. 1954 साली फ्रेडरिक स्लॅक या अमेरिकन दंतवैद्याचं नख तुटलं आणि त्याने दातांच्या अ‍ॅक्रिलिकचं नवं करून घेतलं. 1960 च्या सुमारास जॉन चार्न्ली या ब्रिटिश शल्यविशारदाने कृत्रिम खुबा हाडात बसवायला सिमेंट म्हणून वापरलं तेही याच घराण्यातलं.

खरी कसोटी पुढे. अ‍ॅक्रिलिक नखाला धरतं, कातडीला नाही. गवंडी छज्जा काढतो तेव्हा तो भिंतीत किती शिरलाय यावर बाहेर किती काढायचा ते ठरतं. इथे भिंतच अर्धी खाल्लेली! त्यामुळे लांबी थोडीच ठेवायची आणि खरं नख जिथे संपतं, त्या ताणाच्या जागी थर सर्वांत जाड ठेवायचा. भाचीने लांब बदामी आकार मागितला होता. आर्टिस्टने सरळ नाही म्हटलं. तिथे माझा तिच्यावर विश्वास बसला.

नखाची पुढची लांबी घडवायला खाली कागदी फॉर्म, म्हणजे एक साचा, सरकवतात; वर आलेल्या मांसामुळे तो इथे बसत नाही. मग काही जणी ओला बीड सरळ कातडीवरून पुढे ओढतात आणि कडक झाल्यावर उचलतात. काम झटपट होतं, पण मला ते अजिबात पसंत नाही. न जुळलेले मेथाक्रिलेटचे रेणू कातडीत शिरून अ‍ॅलर्जी जडवू शकतात, आणि ती सहसा जन्मभर राहते. पुढे दातात सिमेंट भरताना किंवा गुडघा बदलताना हीच रसायनं पुन्हा समोर येतात. ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 साली याबद्दल जाहीर इशारा दिला होता. खाऊन खाऊन कडा सोललेल्या असतील तर धोका आणखी मोठा. जखमा भरेपर्यंत थांबावं, तारीख कितीही जवळ आलेली असो.

लिक्विड कोणतं, हेही विचारावं. मिथिल मेथाक्रिलेट स्वस्त पडतं, पण फार कडक होतं. धक्का बसला तर अ‍ॅक्रिलिक तुटत नाही, खालचं नखच उचकटतं. अमेरिकेत 1970 च्या दशकातच त्यावर कारवाई झाली. असली नखं अ‍ॅसिटोनमध्येही लवकर मऊ होत नाहीत, मग ती खरवडून काढतात आणि दुखणं वाढतं.

साखरपुडा पार पडला. अ‍ॅक्रिलिकची बोथट, जाड कड दातांना पकडता येईना, म्हणून भाचीचं नखं खाणं आपोआप थांबलं. दोन-तीनदा कडेची कातडी मात्र कुरतडली. बोटाचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी मुळाशी उघडी पडणारी फट भरायला जावं लागतं. चौथ्या खेपेला आर्टिस्टने अंगठ्यावरचं जुनं अ‍ॅक्रिलिक घासून पातळ केलं, दिव्याखाली धरलं आणि मला बोलावलं. खालची खरी गुलाबी रेषा पुढे सरकली होती. त्या दिवशी तिने कव्हर पावडर निम्मीच घेतली.