साडेतीन मिलिमीटर गेले कुठे?

भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये नवीन लागलेल्या मुलाने परवा एक साधा एल-ब्रॅकेट करायला घेतला. २ मिमी जाड सीआर (कोल्ड रोल्ड, थंड लाटलेला) पत्रा, बाहेरून एक बाजू ५० मिमी, दुसरी ३०. त्याने ५० आणि ३०ची बेरीज केली, ८० मिमीची पट्टी कापली आणि बेंडिंगला दिली. गुण्या लावला तर कोन चोख ९० अंश. व्हर्नियर लावला तर पहिली बाजू ५०, पण दुसरी साडेतेहेतीस. तो व्हर्नियर पुसून पुन्हा पुन्हा मोजत राहिला आणि शेवटी मला म्हणाला, “सर, पत्रा वाढला का?”

प्रश्न फार चांगला होता. त्याच आठवड्यात ‘एका क्लिकमध्ये फ्लॅट पॅटर्न’ अशी जाहिरात माझ्या मोबाइलवर येत होती, म्हणून त्याचं उत्तर नीट लिहावंसं वाटलं.

फ्लॅट पॅटर्न म्हणजे वाकवलेली वस्तू उलगडून सपाट केली तर कापायचा पत्रा केवढा, त्याचं ड्रॉइंग. आपल्याकडे जुने लोक याला ‘डेव्हलपमेंट काढणं’ म्हणतात. मिठाईचा खोका उलगडतो तसंच हे असेल, असं बहुतेकांना वाटतं. पण खोक्याच्या कागदाची जाडी हिशोबात न धरताही चालते, पत्र्याची धरावीच लागते.

आपल्या ब्रॅकेटमध्ये वाकाच्या आतली त्रिज्या २ मिमी होती. ५०च्या बाजूतून जाडीचे २ आणि त्रिज्येचे २ काढले की सरळ भाग उरतो ४६. दुसऱ्या बाजूचा २६. म्हणजे ७२ मिमी सरळ, आणि मधे पाव वर्तुळाचा वाक. आता या वाकाची लांबी किती? आतल्या पृष्ठभागाची त्रिज्या २, म्हणून तिथे ३.१४ मिमी. बाहेरच्या पृष्ठभागाची त्रिज्या ४, तिथे ६.२८. वाकण्यापूर्वी हे दोन्ही पृष्ठभाग एकाच लांबीचे होते! खोडरबराच्या कडेवर एकमेकींच्या जवळ उभ्या रेघा मारा आणि तो वाकवा: बाहेर रेघा फाकतात, आत दाटतात. मधे कुठेतरी एक थर असा असतो की त्याची लांबी बदलत नाही. त्याला न्यूट्रल थर म्हणतात. कापायची पट्टी त्या थराच्या लांबीची हवी.

हा थर बरोबर मध्यावर धरला, तर वाकाची लांबी ४.७१ आणि पट्टी ७६.७१ मिमी येते. प्रत्यक्षात लागते सुमारे ७६.४६. म्हणजे ८० मधून गेलेल्या ३.५४ मिमीपैकी ३.२९ ही निव्वळ भूमिती आहे: दोन्ही मापं बाहेरून घेतल्यामुळे कोपरा दोनदा मोजला गेला. उरलेला पाव मिलिमीटर मात्र भूमितीचा नाही, आणि मला सगळ्यात जास्त आवडतो तो हाच.

पोलाद कायमचं वाकतं तेव्हा त्याचा आकार बदलतो, आकारमान बदलत नाही. वाकाचा छेद घ्या. जाडी पूर्ण २ मिमी राहिली असती तर छेदाचं क्षेत्रफळ, म्हणजे २ आणि ४ त्रिज्यांमधल्या कड्याचा चौथा हिस्सा, ९.४२ चौरस मिमी. त्याला सपाट पत्र्याच्या जाडीने, २ ने, भागा: ४.७१. थेट मध्यरेषेचं उत्तर! म्हणजे पत्रा पातळ झाला नाही, तर न्यूट्रल थर मध्यावरच असायला हवा. आता वाकापाशी जाडी १.९२ झाली असं धरा. बाहेरची त्रिज्या ३.९२, क्षेत्रफळ ८.९३, भागिले २ म्हणजे ४.४६. हरवलेला पाव मिलिमीटर सापडला. वाकताना पत्रा ०.०८ मिमीने, म्हणजे ४ टक्क्यांनी, पातळ झाला होता. बाहेरचे थर ताणून पातळ होतात, आतले दाबले जाऊन जाड होतात, पण वाकता वाकता न्यूट्रल थर आत सरकतो आणि ताणलेल्या भागाचं पारडं जड होतं. आतून मोजत गेल्यास हा थर जाडीच्या किती हिस्स्यावर आहे, तो आकडा म्हणजे के-फॅक्टर. इथे ०.४२. मध्यावर असता तर ०.५ आला असता.

कॅडमधली, म्हणजे ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधली, उलगडण्याची आज्ञा हाच आकडा वापरते. इन्व्हेंटर नावाच्या कॅडमध्ये तो आधीच ०.४४ भरलेला असतो आणि पुष्कळ लोक आयुष्यभर त्याला हात लावत नाहीत. पण सॉफ्टवेअरला तुमची डाय, म्हणजे पत्रा ज्या खाचेवर ठेवून वाकवतात तो साचा, माहीत नसते. हवेत वाकवताना, म्हणजे पत्रा डायच्या तळाला टेकत नाही तेव्हा, आतली त्रिज्या पंचापेक्षा (वरून दाबणाऱ्या हत्यारापेक्षा) व्ही-डायच्या तोंडावर, म्हणजे व्ही आकाराच्या खाचेच्या रुंदीवर, ठरते: माइल्ड स्टीलला तोंडाच्या साधारण १६ टक्के. १२ मिमी तोंडाच्या व्हीवर त्रिज्या येते २ च्या आसपास, १६च्या व्हीवर अडीचच्या वर. ड्रॉइंग २ त्रिज्येचं आणि ऑपरेटरने १६ची डाय लावली, तर बेंडमागे जवळजवळ पाव मिलिमीटर फरक पडतो. चार बेंडच्या पॅनेलच्या दारात तो एक मिलिमीटर होतो आणि दार चौकटीला घासतं. असं झालं की मशीनला नजर लागली म्हणून लिंबू-मिरची बांधणारे मी पाहिलेत. खंडेनवमीची पूजा जरूर करा, पण दार घासलं तर आधी डायचं तोंड मोजा. एका क्लिकवाल्या जाहिरातींनाही माझं हेच सांगणं आहे: क्लिकने उलगडतं ते मॉडेल, तुमचा पत्रा नव्हे.

आणखी एक गोष्ट ड्रॉइंगवाल्यांसाठी. पत्रा कापणाऱ्या लेसर मशीनला जाणाऱ्या डीएक्सएफ (ड्रॉइंगच्या) फाइलमध्ये बेंडच्या रेषा कापण्याच्या रेषांच्याच लेयरवर राहिल्या, तर लेसर त्याही कापतो. वाकवायला काही उरतच नाही, हातात दोन तुकडे येतात. पहिल्या नोकरीत माझ्याकडून अशी अख्खी शीट भंगारात गेली आहे.

के-फॅक्टरवर विसंबण्याऐवजी बाहेरच्या मापांच्या बेरजेतून किती वजा करायचं, ते आपल्या दुकानात मोजायला पंधरा मिनिटं लागतात. बरोबर १०० मिमीची पट्टी कापा, कडेची बर (कापताना राहिलेली धारदार कोर) काढा, ९० अंशात वाकवा, दोन्ही बाजू बाहेरून मोजून बेरीज करा. १०० च्या वर जे येईल ती त्या पत्र्याची, त्या डायवरची वजावट. पत्रा किंवा डाय बदलली की पुन्हा मोजायचं.

त्या मुलाने दोन्ही डायवर तीन-तीन पट्ट्या वाकवल्या. १२च्या व्हीवर १०३.५, १०३.६, १०३.५. १६च्या व्हीवर तिन्ही वेळा १०३.८. मग त्याने मार्कर घेतला आणि डाय ठेवायच्या कपाटाच्या दारावर, आतल्या बाजूने, लिहिलं: २ सीआर, १२ व्ही, ३.५, १६ व्ही, ३.८.