फरार माणसाचं अपील: एक दारात अडतं, दुसरं चालवावंच लागतं

'फरार आरोपीचं अपील' असं बातमीत वाचलं की त्यामागे दोन अगदी निराळ्या परिस्थिती असू शकतात. एकीत माणूस खटला सुरू व्हायच्या आधीच पळालेला असतो. त्याच्या माघारी खटला चालतो, शिक्षा होते आणि घरचे वकिलाकडे येऊन म्हणतात, तो नाही, पण अपील टाका. दुसरीत माणूस खटल्याला नेमाने हजर असतो, शिक्षा झाल्यावर रीतसर अपील करतो, जामिनावर सुटतो आणि मग बेपत्ता होतो. पोलिसांच्या दप्तरी दोघेही फरार. पण पहिल्याचं अपील कोर्टाच्या दारातच अडतं आणि दुसऱ्याचं त्याच्या गैरहजेरीतही चालतं. बऱ्याच जणांना हे उफराटं वाटतं, कारण दुसऱ्याने तर जामीन देणाऱ्या कोर्टालाच तोंडघशी पाडलेलं असतं.

समजा, एकाच खुनाच्या खटल्यात दोन भाऊ आरोपी आहेत. थोरला गुन्हा दाखल झाला त्या रात्रीपासून सापडलेला नाही. धाकटा अटक झाला, खटल्याला बसला, जन्मठेप झाली, उच्च न्यायालयात अपील केलं, शिक्षा निलंबित होऊन बाहेर आला आणि दोन तारखांनंतर दिसेनासा झाला.

थोरल्याच्या बाबतीत हा प्रश्न 2024 पर्यंत फारसा उद्भवतच नसे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 299 खाली फरार आरोपीच्या माघारी साक्षी नोंदवून ठेवता येत, म्हणजे तो पुढे सापडला आणि तोवर साक्षीदार वारला किंवा मिळेनासा झाला तर ती साक्ष वापरता येई. निकाल मात्र लागत नसे. साथीदारांचा खटला उरकायचा आणि फरार आरोपीचं प्रकरण वेगळं काढून पडून राहायचं. निकालच नाही तर अपील कशाचं? 1 जुलै 2024 ला भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तिच्या कलम 356 ने हे बदललं. खटला टाळण्यासाठी पळालेला आणि लगेच सापडण्याची शक्यता नसलेला उद्घोषित अपराधी असेल, तर त्याने हजर राहण्याचा हक्क सोडला असं कायदा मानतो. कोर्ट कारणं लेखी नोंदवून खटला चालवतं आणि निकालही देतं.

उद्घोषित अपराधी हा दर्जा कुणालाही उठून देता येत नाही. गुन्हा किमान दहा वर्षं कैद, जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल असा हवा, आणि आधी जाहीरनामा काढून हजर होण्याची मुदत दिलेली हवी. खटल्यापूर्वी आणखी पायऱ्या आहेत. निदान तीस दिवसांच्या अंतराने दोन अटक वॉरंटं निघायला हवीत. शेवटच्या ज्ञात पत्त्याच्या भागात खपणाऱ्या दैनिकात नोटीस छापायची. नातेवाइकाला किंवा मित्राला कळवायचं. घराच्या दर्शनी भागावर कागद डकवायचा, पोलीस ठाण्यातही लावायचा. आरोप निश्चित झाल्यापासून नव्वद दिवस उलटल्याशिवाय खटला सुरू करता येत नाही. आरोपीला वकील नसेल तर सरकारी खर्चाने द्यायचा.

आता थोरल्याला शिक्षा झाली असं धरू. हा सरकारी खर्चाचा वकील त्याच्यासाठी उलटतपास घेऊ शकला, युक्तिवाद करू शकला. मग त्यानेच अपील का दाखल करू नये? एरवी अपिलाचा अर्ज वकिलामार्फत सादर करता येतोच. पण कलम 356 च्या सातव्या पोटकलमाने इथे वेगळी अट घातली आहे: उद्घोषित अपराधी स्वतः अपील न्यायालयापुढे हजर झाल्याशिवाय या निकालावर अपील होणार नाही. आणि निकालाच्या तारखेपासून तीन वर्षं उलटली की दोषसिद्धीवर अपील नाहीच. थोडक्यात, त्याच्या माघारी खटला चालतो, पण अपील त्याला पुढे येऊनच करावं लागतं. अट हजर होण्याची आहे. हजर झाल्यावर शिक्षा निलंबित करायची की त्याला तुरुंगात धाडायचं, हे अपील न्यायालय ठरवेल.

धाकट्याचं अपील याच्या बरोब्बर उलट चालतं. तो गायब झाल्यावर उच्च न्यायालय अजामीनपात्र वॉरंट काढेल, जामीन रद्द करेल, जामीनदाराला बंधपत्राच्या रकमेबद्दल नोटीस जाईल. या सगळ्यात अपील मात्र तसंच बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, उभं असतं. तारखेला पुकारा होतो, अपिलार्थी नाही, कधी कधी त्याचा वकीलही नाही. वर्षानुवर्षं साचलेल्या अपिलांच्या ढिगासमोर बसलेल्या न्यायमूर्तींना अशा वेळी 'पळून गेला ना, मग फेटाळा' असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे.

तसं करता येत नाही. 1996 च्या बनी सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हा मुद्दा स्पष्ट केला. फौजदारी अपील एकदा दाखल करून घेतलं की ते केवळ अपिलार्थी किंवा वकील आला नाही म्हणून काढून टाकता येत नाही. कोर्टाने तारखा देत बसण्याची सक्ती नाही, पण रेकॉर्ड वाचून गुणदोषांवर निकाल द्यायला हवा. दिवाणी अपिलाची सवय असलेले इथे हमखास गोंधळतात, कारण तिथे अपिलार्थी आला नाही एवढ्याच कारणावरून अपील फेटाळायची मुभा आहे. गैरहजर माणूस तुरुंगात असल्यामुळे येऊ शकत नसेल, तर पुढची तारीख देणं किंवा सरकारी खर्चाने वकील नेमणं योग्य, असंही त्या निकालात म्हटलं आहे.

पण गैरहजर आणि फरार यांत फरक नाही का? हा प्रश्न 2022 मध्ये बिहारच्या एका प्रकरणात थेट पुढे आला. अपिलार्थी जामिनावर असताना फरार झाला म्हणून उच्च न्यायालयाने त्याचं अपील गुणदोषांत न शिरता फेटाळलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द करून अपील पुन्हा सुनावणीसाठी पाठवलं. उच्च न्यायालयाचा संताप समजण्यासारखा आहे, पण अंतिम सुनावणीसाठी आधीच दाखल करून घेतलेलं अपील फेटाळायला ते कारण पुरत नाही, असा त्याचा मथितार्थ. मला ही भूमिका बिनतोड वाटते. पळून जाणं हा वेगळा गुन्हा आहे, त्याची शिक्षा वेगळी आहे. साक्षीदार खोटं बोलला होता का, या प्रश्नाचं उत्तर अपिलार्थी पळाल्याने बदलत नाही.

म्हणजे निवाडा 'फरार आहे का' यावर होत नाही, 'कधी फरार झाला' यावर होतो. धाकट्याचं अपील कोर्टाने हातात घेतलेलं आहे, ते निकाली काढणं आता कोर्टाची जबाबदारी. थोरल्याचं अपील अजून जन्मालाच आलेलं नाही, आणि ते जन्माला घालण्यासाठी त्यालाच पुढे यावं लागेल.

जग या बाबतीत एकमताचं नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1970 मध्ये मोलिनारो खटल्यात पळालेल्या माणसाचं प्रलंबित अपील सरळ फेटाळलं, म्हणजे तिथे आपल्या धाकट्याचंही काही चाललं नसतं. उलट 1993 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने पोआत्रिमोल खटल्यात फ्रान्सला दोषी धरलं. तिथे अटक वॉरंटाला शरण न आल्यामुळे आरोपीचं अपील ऐकायलाच नकार दिला गेला होता.

आपल्याकडेही 'आधी शरण या' ही अट काही ठिकाणी धाकट्यासारख्यांना भेटते. उच्च न्यायालयात हरल्यावर सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका (अपील करू देण्याची परवानगी मागणारा अर्ज) करायची, तर कैदेची शिक्षा झालेल्याला शरण आल्याचा पुरावा जोडावा लागतो किंवा त्यातून सूट मागावी लागते. त्याशिवाय याचिका सुनावणीला लागत नाही. 'फरार असल्याने याचिका ऐकली नाही' अशी बातमी बहुधा या प्रकारची असते. तिचा अर्थ प्रलंबित अपील फेटाळलं असा लावू नये.

कलम 356 बद्दल माझी खरी चिंता वेगळी आहे. पोटापाण्यासाठी गाव सोडलेल्या माणसाचा शेवटचा ज्ञात पत्ता कुलूपबंद घराचा असतो. दारावर डकवलेला कागद पहिल्या पावसात गळून पडतो, दैनिकातली नोटीस त्याच्या नजरेला पडतही नाही. असा माणूस खटला टाळायला पळाला होता की त्याला खटल्याचा पत्ताच नव्हता, हे निकालाआधी कोर्टाने तपासायचं आहे. तीन वर्षं मात्र निकालाच्या तारखेपासून मोजली जातात, त्याला कळल्याच्या तारखेपासून नाही.

त्यामुळे घरच्यांनी वकिलाकडे जाताना खटला कोणत्या कलमाखाली माघारी चालला, निकाल कोणत्या तारखेचा आणि अपील आधीच दाखल करून घेतलेलं आहे का, एवढं आधी काढून न्यावं. अपील प्रलंबित असेल तर वकील बदलून किंवा न्यायमित्र, म्हणजे कोर्टाच्या मदतीला कोर्टानेच नेमलेला वकील, नेमायला सांगून ते चालवता येईल. माघारी निकाल लागला असेल तर वकील निकालाची प्रमाणित प्रत काढून अपिलाचा मसुदा तयार ठेवू शकेल, पण ते दाखल होण्यासाठी माणूस कोर्टापुढे उभा राहायला हवा.