एकच नाव, दोन टीव्ही: तीन ट्यूबचा प्रोजेक्शन आणि दिव्याचा प्रोजेक्शन

अमेरिकेत जुन्या सामानाच्या जाहिरातीत 'रिअर प्रोजेक्शन टीव्ही, ६० इंच, चालू स्थितीत' एवढंच लिहिलेलं असतं, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. या एका नावाखाली दोन अगदी वेगळी यंत्रं विकली गेली. चित्र मागून आरशावर फेकायचं आणि आरशावरून पडद्यावर घ्यायचं, एवढं दोन्हींत सारखं. पण चित्र तयार करण्याचं काम एकात तीन पिक्चर ट्यूब करतात आणि दुसऱ्यात एक दिवा नि एक चिप. घेताना एकाला जे प्रश्न विचारायचे, ते दुसऱ्याला लागूच पडत नाहीत. न्यू जर्सीत २००० नंतर घरं घेतलेल्या आपल्या मंडळींच्या बेसमेंटमध्ये यातला एखादा अजून उभा असतो. आता घर आवरायला काढलं की तो 'घेऊन जा, फुकट' म्हणून कुणाच्या तरी गळ्यात मारला जातो. तुमच्या गळ्यात पडायच्या आधी कुठला आहे ते बघून घ्या.

ओळखणं सोपं आहे. तीन ट्यूबचा टीव्ही सहसा टेबलावर बसत नाही, तो थेट जमिनीवर उभा राहतो. खाली चाकं, जाडी दोन फुटांच्या आसपास, आणि ६५ इंची असेल तर वजन शंभर किलोच्या पुढे. खालच्या अर्ध्या भागात कापडाची जाळी असते, तिच्यामागे ट्यूब आणि स्पीकर. दिव्याचा टीव्ही टेबलावर ठेवायचा. त्याची जाडी साधारण सव्वा-दीड फूट आणि दोघांनी धरला तर आरामात उचलता येतो. तरीही शंका असेल तर चालू करून बघा. दिव्याच्या टीव्हीत आधी पंखा घरघरतो, वीसेक सेकंद पडदा काळाच राहतो आणि मग चित्र हळूहळू उजळत जातं. बंद केल्यावरही पंखा मिनिटभर फिरत राहतो. ट्यूबवाल्यात हा प्रकार नाही.

आधी ट्यूबवाला, कारण त्याच्या तऱ्हा जास्त.

आत लाल, हिरवी आणि निळी अशा साधारण सात-सात इंचांच्या तीन ट्यूब तिरक्या बसवलेल्या असतात. तिन्ही एकेका रंगाचं चित्र काढतात आणि ती तीन चित्रं पडद्यावर नेमकी एकावर एक बसली तरच आपल्याला एक चित्र दिसतं. या बसवण्याला कन्व्हर्जन्स म्हणतात, आणि या टीव्हीच्या मालकाचा निम्मा संसार त्यातच जातो. मेनूत जाऊन कन्व्हर्जन्स उघडलं की पडद्याच्या मधोमध अधिकचं (+) पांढरं चिन्ह येतं. सगळं जुळलेलं असेल तर ते खरोखर पांढरं दिसतं. नसेल तर आडव्या रेघेच्या एका काठाला लाल झालर लागते, दुसऱ्या काठाला निळी. रिमोटच्या बाणांनी लाल रेघ हिरवीवर आणायची, मग निळी आणायची. हिरवीला हात लावायचा नाही. तंबोरा लावण्यातलाच प्रकार: षड्ज धरायचा आणि बाकीच्या तारा त्याला मिळवायच्या. हे काम टीव्ही निदान अर्धा तास चालू राहिल्यावरच करायचं, कारण आतले भाग तापले की रेघा पुन्हा सरकतात.

हे झालं मधल्या बिंदूचं. कडेला आणि कोपऱ्यांत वेगळं बिघडलेलं असतं. ते सुधारायचं तर सर्व्हिस मेनूत, म्हणजे दुरुस्तीवाल्यांसाठीच्या लपवलेल्या मेनूत, शिरावं लागतं, तिथे जाळीचे डझनावारी बिंदू एकेक करून सरकवायचे असतात. शिरण्याआधी जुने आकडे कागदावर उतरवून घ्या, नाहीतर मोबाइलने फोटो काढा. काही कंपन्यांनी एक बटण दाबलं की आपोआप जुळवून घेणारी सोय दिली होती. हिताचीने तिला मॅजिक फोकस म्हटलं, सोनीने फ्लॅश फोकस. ती मधल्या भागात ठीक चालते, कोपऱ्यांत फारसा भरवसा ठेवू नये.

जुळवून जुळत नसेल, रेघा कमानीसारख्या वाकल्या असतील किंवा एखादा रंग खालच्या भागातून पार भरकटला असेल, तर मेनूत वेळ घालवू नका. ती बहुतेक वेळा कन्व्हर्जन्स सांभाळणाऱ्या एसटीके आयसींची, म्हणजे त्या नावाच्या चिपांची, तक्रार असते. हीटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीवर, तापत बसलेले हे आयसी गेले की सहसा जोडीने बदलतात, आणि सोबत जळलेले छोटे रेझिस्टरही बघावे लागतात. सोल्डरिंग येणाऱ्याला हे काम अवघड नाही. पण आत तीसेक हजार व्होल्ट खेळत असतात, आणि प्लग काढल्यावरही काही वेळ विजेचा साठा राहतो. हौस म्हणून हात घालायची जागा नव्हे.

दुसरी तऱ्हा म्हणजे जळका डाग. ट्यूबच्या आतल्या फॉस्फरवर, म्हणजे उजेड देणाऱ्या लेपावर, एकाच जागी सतत उजेड पडला की तो तिथे झिजतो आणि त्या आकाराचा ठसा कायमचा उमटतो. वृत्तवाहिनीची खालची पट्टी, क्रिकेटचा स्कोअर, कोपऱ्यातलं वाहिनीचं बोधचिन्ह, किंवा रुंद पडद्यावर जुनं चौकोनी चित्र बघताना दोन बाजूंना येणारे पट्टे, हे सगळे नेहमीचे गुन्हेगार. त्यात कंपन्यांनी दुकानातल्या ट्यूबलाइटखाली टीव्ही उठून दिसावा म्हणून कॉन्ट्रास्ट कारखान्यातूनच अगदी वर ठेवून पाठवला. घरी आणल्यावर तो निम्म्यावर आणायचा असतो हे दुकानदाराने सांगितलं नाही आणि मॅन्युअल कुणी वाचलं नाही. ज्यांनी पहिल्या दिवशी आकडा खाली आणला त्यांचे टीव्ही वर्षानुवर्षं छान चालले. ज्यांनी आणला नाही, त्यांच्या पडद्यावर आजही न लावलेली वाहिनी दिसते.

आता दिव्याचा. यातला खूप खपलेला प्रकार डीएलपी. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये शोधलेल्या चिपवर तो चालतो. चिपवर सूक्ष्म आरसे असतात. ७२०पी च्या, म्हणजे ७२० ओळींच्या चित्राच्या, चिपवर १२८० गुणिले ७२०, म्हणजे ९,२१,६०० आरसे, आणि प्रत्येक आरसा काही अंशांनी इकडे किंवा तिकडे कलतो. इकडे कलला तर दिव्याचा उजेड पडद्यावर, तिकडे कलला तर बाहेर. हा खेळ सेकंदाला हजारो वेळा चालतो आणि त्याच्या प्रमाणावरून करड्या छटा ठरतात. रंगासाठी उजेडाच्या वाटेत रंगीत काचांचं एक चाक गरगर फिरत असतं. एका क्षणी फक्त लाल, पुढच्या क्षणी फक्त हिरवं, मग निळं. आपला डोळा त्यांची बेरीज करतो.

इथे कन्व्हर्जन्सचा प्रश्नच नाही. लेन्स एक, चिप एक, जुळवायचं काय? जळका डागही नाही, कारण आरसा उजेडाने झिजत नाही. वृत्तवाहिनी दिवसभर लावून ठेवली तरी बिघडत नाही. पण काहींना काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या अक्षरांवरून नजर झटकन फिरवली की लाल-हिरव्या-निळ्या कडा चमकून जाताना दिसतात. हे इंद्रधनुष्य मोजक्या लोकांनाच दिसतं, बाकीच्यांना जाणवत नाही. ज्याला दिसतं त्याला चित्रपटभर दिसत राहतं. म्हणून घरातल्या सगळ्यांना दाखवूनच टीव्ही ठरवावा.

एका गोष्टीवर विक्रेते गप्प बसत. '१०८०पी' लिहिलेल्या बऱ्याच डीएलपी टीव्हींच्या चिपवर तितके आरसे नव्हतेच. निम्मे, म्हणजे ९६० गुणिले १०८० आरसे असत, आणि चित्र अर्ध्या पिक्सेलने झपझप हलवून प्रत्येक आरशाकडून दोन पिक्सेलांचं काम करून घेतलं जाई. दहा फुटांवरून फरक कळत नाही, म्हणून मी याला फसवणूक म्हणणार नाही. पण संगणक जोडून बारीक अक्षरं वाचायला गेलात तर जाणवतं.

दोघांतला खरा फरक म्हातारपणात दिसतो. ट्यूबवाला चालवाल तितका झिजतो आणि झिजलेलं परत येत नाही. ट्यूब मंद होतात, डाग पडतात, ट्यूब आणि लेन्सच्या मधलं थंड ठेवणारं द्रव गढूळ होतं. दिव्याचा टीव्ही मात्र दिवा बदलला की उजेडाच्या बाबतीत पुन्हा नव्यासारखा होतो. कंपन्या दिव्याचं आयुष्य काही हजार तास सांगत. दिवा मंदावला की चित्र आधी पिवळट-काळसर पडतं, मग एके संध्याकाळी दिवा लागतच नाही. बदलणं पाच मिनिटांचं काम. मागचं झाकण उघडायचं, खोक्यासकट दिवा ओढून काढायचा, नवा सरकवायचा, काचेला बोट लावायचं नाही. स्वस्तातले नकली दिवे मात्र टाळा. ते लवकर मंदावतात आणि कधीकधी आतच फुटतात.

म्हणजे दिव्याचा टीव्ही अमर, असं नाही. त्याचं दुखणं चिपला लागतं. आरसे एकाच बाजूला अडकून बसतात आणि पडद्यावर पांढरे ठिपके दिसू लागतात. आधी एक-दोन, मग काही आठवड्यांत सगळं आकाश चांदण्यांनी भरतं. २००६ ते २००८ च्या बऱ्याच मॉडेलांत हे झालं. चिप बदलता येते, पण तेवढा खटाटोप करण्याइतका जीव त्या टीव्हीवर आहे का, हे आधी ठरवा. दुसरी तक्रार रंगीत चाकाची. बेअरिंग झिजलं की ते किंचाळायला लागतं. आवाज आला की टीव्ही चालवत राहू नका, चाक फुटलं तर काचेचे तुकडे आतभर होतात.

याच घरात एलसीडी आणि एलकॉस (उजेड परतवणारं एलसीडीचंच भावंड) पॅनेलवाले चुलत भाऊही होते. सोनीचे ग्रँड वेगा आणि एसएक्सआरडी त्यातलेच. दिवा, पंखा, आरसा सगळं तेच, फक्त चिपऐवजी पॅनेलं आणि फिरतं चाक नाही, त्यामुळे इंद्रधनुष्यही नाही. पण त्यांची पॅनेलं आणि फिल्टर उष्णतेने डागाळतात, पडद्यावर हिरवट किंवा पिवळट ढग येतात. चुकूनमाकून मिळाला तर आधी पूर्ण पांढरं चित्र लावून बघा.

चित्रात सरस कोण? अंधाऱ्या खोलीत चित्रपट बघायचा असेल तर माझं मत नीट जुळवलेल्या ट्यूबवाल्याला. त्याचा काळा रंग खरोखर काळा असतो, कारण तिथे ट्यूब उजेडच देत नाही. दिव्याच्या टीव्हीत दिवा सतत जळत असतो, आरसे उजेड बाजूला वळवतात, पण थोडा सांडतोच. रात्रीचं दृश्य गडद राखाडी दिसतं. उलट दुपारी पडदे उघडे ठेवून मॅच बघायची असेल तर ट्यूबवाला फिका पडतो आणि दिव्याचा बाजी मारतो. दोघांतही सोफ्यावरून उठून उभं राहिलं की चित्र काळवंडतं. पडदा प्रकाश बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला फेकतो, म्हणून.

बघायला जाताना ट्यूबवाल्यासाठी पूर्ण पांढरं चित्र मागा, जळके डाग त्यातच दिसतात. दिव्याच्यासाठी पूर्ण काळं मागा, ठिपके त्यात दिसतात. आणि मागच्या खाचा तपासा. २००२ च्या आधीच्या ट्यूबवाल्यांत बहुतेकदा नुसतं कॉम्पोनंट (तीन रंगी तारांची जुनी जोडणी) असतं, एचडीएमआय नाही. त्यात आजचं स्ट्रीमिंगचं यंत्र सरळ लागणार नाही. जुने डीव्हीडी आणि व्हिडिओ गेमची जुनी यंत्रं मात्र त्यावर फार सुंदर दिसतात. पैसे मोजून आज मी यातला एकही घेणार नाही. फुकट आणि चांगल्या स्थितीत मिळाला तर दिव्याचा जिन्यावरून चढवेन. ट्यूबवाल्यासाठी आधी जिना मोजेन.

भारतात परतताना हा सोबत न्यावा का, असं अनेकजण विचारतात. नेऊ नये. अमेरिकी टीव्ही १२० व्होल्टचा, आपल्याकडे २३०, म्हणजे ट्रान्सफॉर्मर आला. त्याचा ट्यूनर भारतात कामाचा नाही. आणि दिव्याच्या टीव्हीला वीज अचानक गेलेली चालत नाही. दिवा तापलेला असताना पंखा बंद पडला की त्याचं आयुष्य घटतं, आणि वीज लगेच आली तरी गरम दिवा निवेपर्यंत पेटत नाही. भारनियमनाच्या गावात त्याचे हालच.

सोनीने २००७ च्या डिसेंबरात या धंद्यातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. मित्सुबिशी सर्वांत शेवटपर्यंत टिकली. तिने ९२ इंचांपर्यंतचे डीएलपी विकले आणि २०१२ च्या अखेरीस तेही थांबवले. सपाट एलसीडी इतके स्वस्त झाले की खोक्याला जागा उरली नाही.

तेव्हा बेसमेंटमधला तो खोका आज ना उद्या काढावा लागणारच. न्यू जर्सीत २०११ पासून टीव्ही कचऱ्यात टाकायला बंदी आहे, रीसायकलिंग केंद्रावरच न्यावा लागतो. ट्यूबच्या काचेत शिसं असतं, दिव्यात पारा. मोडतोड करणारा हौशी माणूस बहुधा पडद्यामागचं फ्रेनेल लेन्सचं पातळ प्लास्टिक काढून ठेवतो, कारण ते सूर्यप्रकाश एका बिंदूवर आणतं. नेमकं म्हणूनच ते अंगणात किंवा खिडकीपाशी उघडं टेकवून ठेवू नका. पुठ्ठ्यात गुंडाळून ठेवा, नाहीतर दुपारी समोरचं लाकूड पेटतं.