मुकादम, मालक आणि ‘वेंगर आउट’

१८ मार्च २०१७, शनिवार. मॅच आपल्याकडच्या संध्याकाळी सहाला सुरू झाली. तिकडे इंग्लंडात वेस्ट ब्रॉमच्या मैदानावर आर्सेनल हा लंडनचा फुटबॉल क्लब खेळत होता आणि इकडे परळच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहा जण टीव्हीला चिकटून बसलो होतो. मध्येच कॅमेरा आकाशाकडे वळला. एक छोटं विमान घिरट्या घालत होतं आणि त्याच्या शेपटीला लांबलचक फलक होता: करार नको, वेंगर आउट. थोड्या वेळाने दुसरं विमान दिसलं. त्याच्या शेपटीला नेमका विरुद्ध मजकूर: आर्सेनवर आमचा विश्वास आहे. चहा घेऊन आलेल्या काकू, म्हणजे मित्राची आई, क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, “इलेक्शन आहे का रे तिकडे?”

आर्सेनल ती मॅच ३-१ हरलं. काकूंना उत्तर द्यायचं राहूनच गेलं. खरं तर ते दोन वाक्यांत देता येण्यासारखंही नव्हतं.

आर्सेन वेंगर हा आर्सेनलचा मॅनेजर, म्हणजे संघाचा प्रशिक्षक. १९९६च्या ऑक्टोबरमध्ये जपानच्या नागोया ग्रॅम्पस एट क्लबातून तो लंडनला आला तेव्हा तिथल्या एका सायंदैनिकाने ‘आर्सेन कोण?’ असा मथळा दिला होता. चष्मा लावणारा, शिक्षकासारखा दिसणारा फ्रेंच माणूस. दुसऱ्याच सीझनला, १९९८ साली, त्याने प्रीमियर लीग आणि एफए कप या इंग्लंडच्या दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. २००२मध्ये पुन्हा दोन्ही. आणि २००३-०४मध्ये ३८ मॅच, २६ विजय, १२ बरोबरी, पराभव शून्य.

मुंबईतल्या माझ्या पिढीने आर्सेनल पकडलं ते त्याच वर्षी. शनिवारी रात्री केबलवर मॅच लागायची, आणि फॅशन स्ट्रीटला ‘ओ टू’ हे प्रायोजकाचं नाव लिहिलेली लाल जर्सी घासाघीस करून मिळायची. दोन धुण्यांत त्यातला ‘ओ’ निघून जायचा. आमच्यातला एक जण वर्षभर नुसता ‘टू’ घालून फिरला. हायबरी, म्हणजे आर्सेनलचं तेव्हाचं मैदान, कुठे आहे हे नकाशावर दाखवता आलं नसतं, पण आमच्या लाडक्या थिएरी ऑन्रीने कुठल्या पायाने कुठल्या कोपऱ्यात मारलं हे झोपेत सांगितलं असतं.

या गोष्टीत गोलांपेक्षा विटा महत्त्वाच्या आहेत. हायबरीचं जुनं मैदान जेमतेम ३८ हजारांचं. मँचेस्टर युनायटेडच्या मैदानात त्याहून कितीतरी जास्त माणसं बसायची, म्हणजे दर मॅचला गल्ल्यात तेवढी जास्त भर पडायची. त्यामुळे आर्सेनलने शेजारीच ६० हजारांचं नवं स्टेडियम बांधायला घेतलं. खर्च ३९ कोटी पौंडांच्या घरात, त्यातला मोठा हिस्सा कर्जाचा. बँकांनी कर्ज देताना आपण पाच वर्षं राहणार अशी हमी मागितली होती, असं वेंगरने पुढे स्वतःच सांगितलं. म्हणजे मैदानाच्या कर्जात मॅनेजरही जणू तारण होता. २००६च्या उन्हाळ्यात हे नवं स्टेडियम, एमिरेट्स, उघडलं. त्याआधी दोनच महिने पॅरिसला चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या सगळ्यात मोठ्या क्लब स्पर्धेची, फायनल बार्सिलोनाकडून २-१ने हातची गेली होती.

पुढची सात-आठ वर्षं घरावर कर्ज असलेल्या कुटुंबासारखी गेली. चांगला खेळाडू घडवायचा आणि विकायचा. ऑन्री २००७मध्ये गेला. २०११मध्ये फॅब्रेगास आणि नास्री एकाच महिन्यात गेले, आणि त्याच ऑगस्टमध्ये युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर आर्सेनल ८-२ हरलं. त्या रात्रीबद्दल आमच्या चाळीत अजूनही कुणी बोलत नाही. २०१२मध्ये रॉबिन फान पर्सी थेट युनायटेडलाच विकला आणि त्याने पहिल्याच वर्षी त्यांना लीग जिंकून दिली. २००५चा एफए कप ते २०१४चा एफए कप, मध्ये नऊ वर्षं कपाट रिकामं. तरीही वेंगर दर वर्षी लीगच्या पहिल्या चारात, म्हणजे चॅम्पियन्स लीगच्या पात्रतेत, राहत होता. ही कमाई किती मोठी होती, ते आम्हाला तेव्हा कळलं नाही.

याच काळात तिकिटं महागत गेली. सीझनचं सगळ्यात स्वस्त तिकीटसुद्धा हजार पौंडांच्या आसपास पोचलं. ‘ब्लॅक स्कार्फ मूव्हमेंट’ नावाचा गट तेव्हा आवाज करत होता, पण त्यांचा राग मॅनेजरवर नव्हता. तो तिकिटाच्या दरावर आणि आपला क्लब आपल्या हातून निसटतोय यावर होता. एमिरेट्सवरचा तिकिटाचा सगळ्यात गाजलेला निषेध तर पाहुण्यांनी केला. जानेवारी २०१३मध्ये मँचेस्टर सिटीच्या पाठीराख्यांना एका तिकिटाचे ६२ पौंड सांगितले गेले आणि त्यांच्या वाट्याची ९१२ तिकिटं विकली न जाता परत आली. त्यानंतर तीन वर्षांनी, फेब्रुवारी २०१६मध्ये, लिव्हरपूलने ७७ पौंडांचं तिकीट जाहीर केलं. घरच्या मॅचला ७७व्या मिनिटाला दहा हजारांच्या आसपास माणसं उठून चालती झाली. तोवर २-० पुढे असलेलं लिव्हरपूल शेवटी २-२वर अडकलं. काही दिवसांत मालकांनी दर मागे घेतला, आणि त्याच वसंतात लीगच्या सगळ्या क्लबांनी पाहुण्यांच्या तिकिटाला ३० पौंडांची कमाल मर्यादा घातली.

तिथल्या प्रेक्षकाला हे एक हत्यार सापडलं: रिकामी खुर्ची. मोर्चा कॅमेऱ्याने टाळता येतो, घोषणा आवाज कमी करून दाबता येते. रिकाम्या खुर्च्या मात्र प्रत्येक कॉर्नरच्या वेळी मागे दिसत राहतात.

पण मग तिकिटाचा राग वेंगरकडे कसा वळला?

याचं उत्तर मला माझ्या आजोबांनी फुटबॉलचा फ सुद्धा न बघता देऊन ठेवलं होतं. ते गिरणीत साचेखात्यात होते. म्हणायचे, शेठ कुणी पाहिलाय? आम्हाला रोज दिसतो तो मुकादम. मग शिव्या कुणाला बसणार? आर्सेनलचा शेठ म्हणजे स्टॅन क्रोंकी, अमेरिकेतला. २००७पासून शेअर घेत घेत २०११मध्ये बहुमताचा मालक झाला. बोलायचा इतका कमी की त्याचं नावच ‘सायलेंट स्टॅन’ पडलं. दोन वर्षं त्याच्या कंपनीने सल्ल्याची फी म्हणून क्लबकडून दरवर्षी ३० लाख पौंड घेतले, तेव्हा समभागधारकांच्या सभेत प्रश्न विचारले गेले. पण सभेत शंभर-दीडशे माणसं असतात आणि मैदानात ६० हजार. त्या ६० हजारांना दर शनिवारी टचलाइनवर उभा दिसायचा तो लांब कोटाची चेन लावताना धडपडणारा फ्रेंच म्हातारा.

आजोबांचा दाखला इथे पुरता बसत नाही, हेही सांगितलं पाहिजे. वेंगर साधा मुकादम नव्हता. कुणाला घ्यायचं, कुणाला किती पगार द्यायचा, सरावाचं मैदान कसं असावं, खेळाडूंनी काय खावं, सगळं त्याच्याच हातात होतं. कर्जाचा ताण ओसरल्यावर २०१३मध्ये क्लबकडे १० कोटी पौंडांहून जास्त रोकड पडून होती. त्या ऑगस्टमध्ये अ‍ॅस्टन व्हिलाकडून घरी ३-१ हरल्यावर ‘पैसे काढ’ असा गजर झाला तो त्याच्याकडे बघूनच, आणि तो चुकीचा नव्हता. पंधरवड्यात ओझिल या खेळाडूसाठी सव्वाचार कोटी पौंड निघाले, म्हणजे पैसे होते. बचावफळीची भोकं मात्र दर मार्चमध्ये तशीच उघडी पडायची. मार्च २०१४मध्ये, त्याच्या हजाराव्या मॅचला, चेल्सीने ६-० धुतलं.

निषेधाला तोंड फुटलं ते त्याच वर्षअखेरीस. नोव्हेंबरमध्ये एका मॅचला फलक झळकला: आठवणींबद्दल आभार, आता निरोपाची वेळ आली. भाषा तोवर तरी घरातली होती. पुढच्याच आठवड्यात स्टोककडून ३-२ हरून संघ परत निघाला, तेव्हा रेल्वे स्टेशनवर काही जणांनी ६५ वर्षांच्या वेंगरची हुर्यो उडवली. तो व्हिडिओ मी पाहिला आहे. हारतुरे घेऊन जाणाऱ्यांनीच एक दिवस चपला फेकाव्यात, तसं काहीसं. क्लबवर कितीही प्रेम असलं तरी असल्या प्रकाराचं समर्थन करता येत नाही.

इंग्लंडला मॅनेजरविरुद्धचे फलक नवे नव्हते. डिसेंबर १९८९मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर एका पाठीराख्याने चादरीवर लिहून आणलं होतं की तीन वर्षं सबबी ऐकतोय, अजून सगळं भंगारच आहे, टाटा फर्गी. त्यानंतर युनायटेडचा मॅनेजर फर्ग्युसन २३ वर्षं राहिला आणि १३ वेळा लीग जिंकला. वेंगरच्या बाजूचे लोक वादात हा दाखला हटकून काढायचे. फरक एवढाच की फर्ग्युसनला तीन वर्षं झाली होती आणि वेंगरला वीस.

नीट आखलेला पहिला मोठा निषेध ३० एप्रिल २०१६चा, नॉर्विचविरुद्ध. हजारो ए-फोर कागद छापून वाटले गेले: बदलाची वेळ झाली. बाराव्या मिनिटाला ते वर धरायचे, कारण लीग जिंकून बारा वर्षं झाली, आणि पुन्हा ७८व्या मिनिटाला. कागद वर गेले, पण ठरवलं होतं त्याच्या मानाने थोडे. उरलेल्या मैदानाने ‘एकच आर्सेन वेंगर’ गात त्यांना उत्तर दिलं. आर्सेनल १-० जिंकलं. प्रेक्षकांत दोन तट पडलेत हे मात्र त्या दिवशी जगाने पाहिलं.

आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचेही त्याच आठवड्यात दोन ग्रुप झाले. तीन महिने कुणी कुणाला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या नाहीत.

२०१७चा मार्च चॅम्पियन्स लीगमधल्या बायर्न म्युनिकचा. म्युनिकला ५-१ हरून आलेलं आर्सेनल घरी काय करतं हे बघायला आम्ही रात्री सव्वाला जागे होतो, शेजाऱ्यांसाठी आवाज बंद करून. मॅचआधी दोनेकशे माणसं जुन्या हायबरीपासून एमिरेट्सपर्यंत मोर्चाने चालत गेली. मुंबईच्या हिशोबात दोनशे म्हणजे आझाद मैदानावर एका कोपऱ्यातलं उपोषण. पण त्या माणसांकडे तिकिटं होती, आणि ती फुकट घालवायची त्यांची तयारी होती. निकाल पुन्हा ५-१, एकूण १०-२. त्यानंतर अकराच दिवसांनी ती दोन विमानं.

मग ‘वेंगर आउट’ फुटबॉलच्या बाहेर पडलं. एप्रिलमध्ये अमेरिकेत कुस्तीच्या रेसलमेनियात कुणीतरी ते कार्डबोर्ड धरून उभं होतं. नोव्हेंबरमध्ये झिम्बाब्वेच्या हरारेत राष्ट्राध्यक्ष मुगाबे यांच्या विरोधात लोक रस्त्यावर आले, तर तिथेही एकाच्या हातात वेंगर आउट. विनोद म्हणून छान होतं. पण याच टप्प्यावर निषेधाचा विषय हरवला असं मला वाटतं. फलकांवरून तिकिटाचे दर गेले, मालक गेला, उरलं नुसतं एक नाव आणि एक शब्द.

त्या सीझनला आर्सेनल पाचवं आलं, वेंगरच्या काळात पहिल्यांदाच पहिल्या चाराबाहेर. मे महिन्यात चेल्सीला हरवून त्याने सातवा एफए कप उचलला आणि चारच दिवसांत दोन वर्षांचा नवा करार जाहीर झाला. ना कागदांनी काही झालं, ना विमानांनी.

झालं ते खुर्च्यांनी. २०१८च्या फेब्रुवारीअखेर लीग कपच्या फायनलला सिटीने ३-० हरवलं, आणि चारच दिवसांनी, १ मार्चला, एमिरेट्सवर पुन्हा ३-०. त्या रात्री लंडनमध्ये बर्फ होतं हे खरं, पण टीव्हीवर लाल खुर्च्यांच्या ओळीच्या ओळी मोकळ्या दिसत होत्या. क्लबने उपस्थिती जाहीर केली ५८ हजारांहून जास्त, कारण आर्सेनल आलेली माणसं नाही, विकलेली तिकिटं मोजायचं. पैसे भरून न येणाऱ्या प्रेक्षकाची भीती मालकाला वाटते, कारण पुढच्या वर्षी तो पैसेही भरत नाही. २० एप्रिलला वेंगरने जाण्याची घोषणा केली. ६ मेच्या शेवटच्या घरच्या मॅचला मैदान भरलं, बर्नलीला पाच गोल बसले आणि विमानवालेही रडले असतील. एकूण १,२३५ मॅच.

मालक तिथेच राहिला. उलट त्याच ऑगस्टमध्ये त्याने उस्मानोव्ह या दुसऱ्या मोठ्या भागधारकाचा हिस्सा घेऊन सगळा क्लब स्वतःच्या नावावर करायचं ठरवलं. आउटच्या आधी कुणाचं नाव हवं होतं, हे एप्रिल २०२१मध्ये, युरोपातल्या बड्या क्लबांनी वेगळी सुपर लीग काढायचा डाव फसल्यावर, हजारो लोक एमिरेट्सबाहेर जमले तेव्हा फलकांवर दिसलं: क्रोंकी आउट. वेंगर मात्र फिफाचा माणूस म्हणून नोव्हेंबर २०२३मध्ये अकादमीच्या निमित्ताने भुवनेश्वरला आला. आमच्या ग्रुपवरचा सगळ्यात कडवा ‘आउट’वाला विचारत होता, कोणार्क एक्स्प्रेसचं तत्काळ मिळेल का रे.

या सगळ्यात आम्ही परळचे सहा जण नेमके कोण होतो, हे मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. आम्ही निषेध करायचा म्हणजे काय करायचं? रिकामी ठेवायला आमच्याकडे खुर्चीच नव्हती. टीव्ही बंद केला असता तर चाळीबाहेर कुणाला कळलं असतं?

आणि जिथे खुर्ची होती तिथे आम्ही जात नव्हतो. वेंगरने निरोप जाहीर केला त्यानंतर सहा आठवड्यांनी, १ जून २०१८ला, अंधेरीच्या मैदानावर भारत चायनीज तैपेईशी खेळला. भारत ५-० जिंकला, सुनील छेत्रीने तीन गोल मारले, आणि बघायला माणसं होती २,५६९. तिथल्या रिकाम्या खुर्च्या कुणाचा निषेध करत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी छेत्रीने हात जोडून व्हिडिओ टाकला. इंटरनेटवर शिव्या देऊ नका, मैदानात या, आमच्या तोंडावर द्या, पण या, असा त्याचा अर्थ.

४ जूनला केनियाशी मॅच होती, छेत्रीची शंभरावी. आम्ही सहाही जण परळहून दादर, दादरहून अंधेरी करत पोचलो तोवर पाऊस कोसळायला लागला होता. मैदान गच्च भरलेलं. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ पहिल्या मिनिटापासून आपल्या लेफ्ट बॅकची सालं काढत होते, एका हाताने छत्री धरून. छेत्री बॉल घेऊन पुढे निघाला तसा मागून कुणीतरी ओरडलं, “ओ काका, छत्री मिटवा, छेत्री दिसत नाही!”