झाड नसलेल्या देशात एका रात्रीचं छप्पर

क्योलुरच्या वाटेवर सायकल टेकवायला झाड मिळत नाही. आइसलँडच्या मधोमध, लाउंगयोकुट्ल आणि होफ्सयोकुट्ल या दोन अजस्र हिमनद्यांच्या मधून हा खडीचा रस्ता उत्तरेकडे जातो. दोन्ही बाजूंना काळी रेती, करडे दगड, मधेच शेवाळाचा हिरवा पट्टा. जुलै महिना, तापमान पाच-सहा अंश आणि दुपारपासून लागलेली बारीक झड. मुक्काम करायचा तर सायकल आडवी टाकायची आणि पिशवीतून तंबू काढायचा.

तिथल्या पहिल्याच रात्री पहाटे कपाळावर टपकन थेंब पडला. वजन वाचवायला मी एकाच थराचा तंबू नेला होता. तो गळतोय असं वाटून उठून बसलो. शिवणी चाचपल्या, त्या ठीक होत्या. मग डोक्यावरच्या कापडावर आतून बोट फिरवलं. बोटामागे रेघ उमटली, दोन्ही बाजूंचे थेंब एकमेकांत मिसळले आणि एक ओघळ थेट उशाशी ठेवलेल्या जाकिटावर उतरला. बाहेर पाऊस थांबून बराच वेळ झाला होता, ढग फाटले होते. ते पाणी माझ्याच श्वासातलं होतं.

तेव्हापासून कुणी "पावसात जायचंय, कुठला तंबू घेऊ?" असं विचारलं की मी पावसाबद्दल सर्वांत शेवटी बोलतो. पाणी अडवणारं कापड आज सहज मिळतं. उघड्या माळावर आधी वाऱ्याचा आणि मग स्वतःच्या श्वासाचा हिशेब मांडावा लागतो. या दोन्ही हिशेबांत झाड नसल्यामुळे फरक पडतो.

आइसलँड कायम असा बोडका नव्हता. नवव्या शतकाच्या अखेरीस नॉर्स लोक इथे वस्तीला आले, तेव्हा देशाचा चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त भाग भूर्जाच्या रानाखाली होता असा अभ्यासकांचा अंदाज आहे. जळणासाठी, कोळशासाठी, कुरणांसाठी ते रान तुटलं. नवे कोंब मेंढ्यांनी वाढू दिले नाहीत आणि उघडी पडलेली माती वाऱ्याने नेली. आता नव्याने लावलेली झाडं धरूनही वनक्षेत्र दोन टक्क्यांच्या आसपास आहे.

झाड मुक्काम करणाऱ्याची तीन कामं करतं. दोरी बांधायला आधार देतं, हे लगेच सुचतं. दुसरं काम वारा मोडण्याचं: झाडांची दाट रांग तिच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत तरी वारा मंदावते. तिसरं काम सहसा ध्यानात येत नाही. निरभ्र रात्री तंबूचं कापड आपली उष्णता अवरक्त किरणांवाटे सरळ आकाशात टाकतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं. वर पानांचं छत असेल तर ते त्यातली बरीचशी उष्णता परत पाठवतं. म्हणून तर हिवाळ्यात अंगणात उभी केलेली गाडी सकाळी दवाने निथळत असते आणि आंब्याखालची जवळजवळ कोरडी राहते. झाड नसलेल्या देशात ही तिन्ही कामं तंबूलाच करावी लागतात.

वारा आधी घेऊ. आइसलँडचं हवामान खातं वाऱ्याचा वेग सेकंदाला किती मीटर असा सांगतं, आणि सायकलवाल्याने हे एकक पाठच करावं. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर वारा समोरच्या एक चौरस मीटर कापडावर साधारण ६ किलो वजनाइतका रेटा देतो. वेग दुप्पट होऊन २० मीटर झाला की तोच रेटा २५ किलोंवर जातो. तंबूची वाऱ्याकडची बाजू दोन चौरस मीटरची असेल, तर सिमेंटचं अख्खं पोतं कुणीतरी तिच्यावर रेलून ठेवल्यासारखं होतं. तेही स्थिर नाही, दर झोताला हिसका देणारं.

सुटकेचा एक मार्ग जमिनीपाशीच आहे. अंदाजात सांगितलेला वेग जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा असतो. जमिनीशी घासून वारा खाली मंदावतो. सपाट रेताड माळावर एक मीटर उंचीला तो वरच्या वेगाच्या दोन-तृतीयांश उरतो. वेग दोन-तृतीयांश म्हणजे दाब निम्म्याहून कमी. त्यामुळे ताठ बसता येईल एवढीच तंबूची उंची असावी. दुकानात उभं राहता येणारे तंबू फार मोहात पाडतात. या प्रदेशासाठी ते घेऊ नयेत.

आता पाऊस, पण वाऱ्यासकट. एक मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला साधारण ४ मीटर वेगाने खाली येतो. वारा १० मीटरचा असेल तर थेंब एक मीटर खाली येईपर्यंत अडीच मीटर आडवा गेलेला असतो. दोन खांबांवर ताणलेलं नुसतं ताडपत्रीसारखं छत घ्या आणि त्याची वाऱ्याकडची कड जमिनीपासून मीटरभर वर धरा: आतली अडीच मीटर जमीन भिजणार, म्हणजे सगळीच. कोकणातल्या माणसाला हे गणिताशिवाय कळतं. पडवीत झड येते म्हणून पावसाळ्यापूर्वी तिथे झाप बांधून बाजू बंद करतात. नुसतं छप्पर पुरत नाही. सायकल उलटी उभी करून तिच्यावर छत ताणण्याची युक्ती उन्हाळी मुक्कामाला छान आहे. आडव्या पावसात तिचा उपयोग नाही. झुल्याचा विचार तर झाडांअभावी आपोआपच बाद होतो.

या संदर्भात मला इरलं फार आठवतं. बांबूच्या कामट्यांच्या जाळीत पानं दाबून केलेलं, भातलावणी करताना डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकणारं. वाकलेल्या माणसाच्या अंगासरशी बसतं, म्हणजे उंची कमीत कमी. पाठ गोलसर, म्हणून वारा अडखळत नाही, वरून निघून जातो. आणि पुढून, खालून पूर्ण उघडं, त्यामुळे श्वासाची आणि घामाची वाफ आत कोंडत नाही. वाऱ्याकडे बंद आणि आडोशाकडे उघडा असा आसरा कसा असावा, हे झाड नसलेल्या खाचरात उभं राहून कुणीतरी फार पूर्वीच शोधून काढलेलं आहे.

वाफेचा हिशेब मात्र रात्रभर बंद जागेत झोपणाऱ्यालाच पडतो. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतो. १० अंशाची हवा घनमीटरला जास्तीत जास्त ९.४ ग्रॅम वाफ धरते, ५ अंशाची ६.८ ग्रॅम. समजा बाहेर ५ अंश आहेत, हवा पावसाने आधीच तुडुंब आहे आणि तंबूत १० अंश आहेत. तर आतून बाहेर जाणारा प्रत्येक घनमीटर जेमतेम अडीच ग्रॅम वाफ घेऊन जातो. पाव लिटर बाहेर काढायला जवळजवळ १०० घनमीटर हवा खेळायला हवी. एकट्याच्या तंबूत दोन घनमीटर हवा मावते. म्हणजे आठ तास, दर दहा मिनिटांनी, तंबूतली सगळी हवा बदलली पाहिजे. ओले मोजे आत वाळत घातले असतील तर आणखी जास्त.

हा आकडा एकदा मांडला की "श्वास घेणाऱ्या" कापडाच्या एकपदरी तंबूवर भिस्त ठेवावीशी वाटत नाही. अशा कापडातून वाफ जाते ती आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातल्या फरकामुळे. बाहेर गारठा आणि शंभर टक्के आर्द्रता असली, वरचा पृष्ठभाग ओला असला, की तो फरकच फार थोडा उरतो. झोपायच्या पिशवीवर चढवायच्या जलरोधक खोळीचंही तेच. एखादी रात्र भागते. सलग चार रात्री पाऊस लागला तर पिशवीतली पिसं ओलावत जातात, गोळे होतात, ऊब धरत नाहीत.

दोन थरांचा तंबू वाफ थांबवत नाही. बाहेरच्या कापडाला आतून थेंब धरणारच. फरक एवढाच की ते थेंब आणि तुम्ही यांच्यामध्ये पातळ कापडाची एक भिंत आणि हाताएवढी हवेची फट असते. वाऱ्याने झटकलेले थेंब त्या भिंतीवरून घसरून खाली जातात, अंगावर पडत नाहीत. आतला थर निव्वळ जाळीचा नको, भरीव कापडाचा हवा. जाळीतून माळावरचा गार वारा आणि बारीक वाळू दोन्ही आत येतात. झडपा वरच्या बाजूला हव्यात आणि त्या पावसातही उघड्या ठेवता आल्या पाहिजेत. थंडी वाजते म्हणून त्या बंद करणं ही सगळ्यांकडून होणारी चूक आहे.

दोन थरांत कोणता आधी उभा राहतो, हे विकत घेण्यापूर्वी विचारून घ्यावं. काही तंबूंत आतला थर आधी उभारून वरून कापड टाकतात. पावसात त्या पाच मिनिटांत आतला थर भिजून जातो. बाहेरचा थर आधी उभा राहणारा, किंवा दोन्ही जोडलेले एकदमच उभे राहणारे तंबू घ्यावेत. बोगद्याच्या आकाराचे तंबू बहुधा असेच असतात. त्यांची शेपूट वाऱ्याकडे करून लावली की समोर येणारं क्षेत्रफळ फार कमी होतं. वाऱ्याने रात्रीत दिशा बदलून बाजूने धरलं तर मात्र हा आकार हलतो, वाकतो. दांड्या अनेक ठिकाणी एकमेकींना छेदणारे घुमट सगळ्या दिशांनी टिकतात, पण वजन आणि किंमत दोन्ही वाढतात. मी एकट्यासाठी बोगदाच निवडतो, फक्त दोन्ही बाजूंना पुरेसे तणावे असलेला.

कापडाबद्दल माझं मत आता पक्कं झालंय: ओल्या देशात पॉलिएस्टर. नायलॉन जास्त चिवट असतं हे खरं, पण त्याच्या रेणूंना पाण्याची ओढ असते. ते पाणी पितं आणि सैल पडतं. तीन मीटर लांब कापड नुसतं दोन टक्के वाढलं तरी सहा सेंटीमीटरचा झोळ येतो. मग ते वाऱ्यात फडफडतं आणि आतल्या थराला चिकटतं. संध्याकाळी ताणून बांधलेले तणावे मध्यरात्री पावसात उठून पुन्हा ताणावे लागतात. पॉलिएस्टर त्या मानाने नगण्य पाणी घेतं.

जलरोधकतेचा आकडा मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो: कापडावर किती उंच पाण्याचा स्तंभ उभा केला की थेंब पलीकडे येतात, तो. छताला दीड-दोन हजार मिलिमीटर पुरतात. खरी परीक्षा तळाची. गुडघे टेकून तुम्ही पिशवी आवरता, तेव्हा ६० किलोंचा माणूस दोन गुडघ्यांच्या तळहाताहून लहान जागेवर उभा असतो. दर चौरस सेंटीमीटरला एक किलो दाब सहज पडतो. तो १० मीटर पाण्याच्या स्तंभाइतका झाला. ओल्या जमिनीवर गुडघ्यांच्या जागी दोन गोल डाग उमटतात ते यामुळे. झोपायची चटई आधी पसरावी आणि तिच्यावरच गुडघे टेकावेत.

मेखांनी मला दोनदा शिकवलं. सरावासाठी मी जुलैत रत्नागिरीकडच्या एका सड्यावर राहिलो होतो. जांभ्यात मेख शिरेना. दोन वाकल्या, मग दोऱ्या चिऱ्यांना बांधल्या. आइसलँडच्या ज्वालामुखी रेतीत उलट झालं. अंगठ्याने दाबली की मेख आत, आणि बोटाने ओढली की बाहेर. उपाय मात्र तोच. मेख आडवी पुरून, तिच्यावर रेती दाबून, वर मोठा दगड ठेवायचा. किंवा दोरी सरळ दगडाला गुंडाळायची. सामानासकट आडवी पडलेली सायकल हाही वाऱ्याकडचा एक चांगला दगडच.

सायकलीमुळे निवड थोडी बदलते. पायी जाणाऱ्याइतकं प्रत्येक ग्रॅम मोजावं लागत नाही; चाकांवर दोन-अडीच किलोंचा तंबू चालतो. अडचण लांबीची येते. दुमडलेल्या दांड्या हँडलच्या दोन बाकांमध्ये बसल्या पाहिजेत, नाहीतर ब्रेकच्या तारांवर दाब येतो. तंबूला ऐसपैस ओसरी हवी, कारण चिखलाने माखलेल्या सामानाच्या पिशव्या तिथेच ठेवायच्या असतात. बंद ओसरीत स्टोव्ह पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोप लागलेल्या माणसाला तो उठवत नाही.

क्योलुरच्या मध्यावर ह्वेरावेट्लिर इथे गरम पाण्याचे झरे आहेत. अठराव्या शतकात फ्याट्ला-एविंदुर नावाचा फरारी आपल्या हाट्ला या बायकोसह याच परिसरात राहिला. डोंगराळ ओसाडीत दोघांनी वीसेक वर्षं काढली असं सांगतात. त्याच्या निवाऱ्याचे म्हणून दाखवले जाणारे दगड लाव्हाच्या आडोशाला आहेत आणि जवळच्या झऱ्यात तो मांस शिजवायचा म्हणतात. जागा निवडायची रीत तीच आहे: उंचवट्यामागे, पण खोलगट भागात नाही, कारण तिथे पाणीही साचतं आणि गार हवाही. शेवाळावर तंबू लावू नये. चिरडलेलं शेवाळ भरून यायला कित्येक दशकं जातात. वस्तीच्या भागात ठरवून दिलेल्या तळांवरच मुक्काम करावा. अंदाजात २० मीटरचा आकडा दिसला तर त्या दिवशी निघू नये. डोंगरी भागात ठिकठिकाणी राहायच्या झोपड्या आहेत, तिथे एक रात्र जास्त काढावी. बचाव पथकांच्या नारिंगी झोपड्या मात्र जिवावर बेतलं तरच वापरायच्या असतात.

सकाळी तंबू ओलाच आवरावा लागतो. दोन्ही थर सुटे करायचे, आतला कोरडा थर कपड्यांबरोबर, बाहेरचा ओला वेगळ्या पिशवीत. दुपारी पाऊस उघडला की मी थांबतो, त्या कापडाचं एक टोक खोगिराखाली अडकवतो आणि दुसरं दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरून उभा राहतो. थेंब आडवे उडत जातात. दहा-पंधरा मिनिटांत हाताला कापड हलकं लागायला लागतं.