डीचं सॅशे आणि पायलोरीचं किट

आमची आत्या कळव्याला असते. गेल्या वर्षी तिच्या हातात एकाच दिवशी दोन रिपोर्ट पडले, व्हिटॅमिन डी ११, म्हणजे बरंच कमी, आणि पोटात एच. पायलोरी हा जंतू पॉझिटिव्ह. केमिस्टने डीच्या पावडरचं सॅशे आणि पायलोरीच्या गोळ्यांचं किट अशी दोन्ही औषधं एकाच पिशवीत घालून दिली, आणि गोंधळ तिथूनच. सॅशे तिने उपास पाळावा तसं दर रविवारी दुधातून घेतलं, आठच्या आठ. किट मात्र सहाव्या दिवशी बंद, कारण जळजळ थांबली होती आणि तोंड कडूजहर झालं होतं. उरलेल्या गोळ्या डब्यात, "परत अ‍ॅसिडिटी झाली तर होतील".

हयगय करायचीच होती तर सॅशेची करायची ना! डी शरीरात साठतं, पातळी हळू चढते, हळू उतरते, म्हणून ६०,००० युनिटचं सॅशे आठवड्यातून एकदा घेऊन भागतं आणि रविवार हुकला तर सोमवारी घेतलं तरी चालतं. पायलोरीचं तसं नाही हो, तो जठराच्या चिकट थरात दडून बसतो, स्वतःभोवती अमोनिया तयार करून अ‍ॅसिडपासून वाचतो, म्हणून त्याला निदान दोन अँटिबायोटिक आणि अ‍ॅसिड कमी करणारी गोळी असं एकत्र, बहुतेकदा १४ दिवस द्यावं लागतं. मध्येच सोडलं तर चिवट जंतू तेवढे उरतात आणि पुढच्या वेळी तेच औषध लागू पडत नाही. तोंड कडू होतं ते किटमधल्या क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकमुळे, औषध बाधलं म्हणून नाही.

आता सॅशे साधं म्हणून कुणी रोज एक घेऊ नका. असं करणारे आहेत, मग कॅल्शियम वाढतं, मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, किडनीला त्रास, आणि घरचे म्हणतात परत पोटाचंच काहीतरी झालं.

फेरतपासणीतही आत्या फसली. डी साधारण तीन महिन्यांनी परत बघतात, साधी रक्ततपासणी. पायलोरी गेला की नाही हे रक्तातल्या अँटिबॉडीवरून कळत नाही, जंतू गेल्यावरही त्या कितीतरी महिने पॉझिटिव्ह येत राहतात. त्यासाठी श्वासाची टेस्ट किंवा शौचाची अँटिजन टेस्ट, तीही कोर्स संपून किमान चार आठवड्यांनी, आणि अ‍ॅसिडची गोळी डॉक्टरांना विचारून दोन आठवडे आधी थांबवून, नाहीतर जंतू असूनही निगेटिव्ह येऊ शकतं.

जंतू अजून आहे हे कळल्यावर तिचा प्रश्न, "डी कमी होतं म्हणून जंतू गेला नाही का?" काही अभ्यासांत डी कमी असणाऱ्यांमध्ये कोर्स फेल जायचं प्रमाण जास्त दिसलंय खरं, पण दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं नाही. ऑस्ट्रेलियाच्या डॉक्टर बॅरी मार्शलनी १९८४ मध्ये हा जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली होती, तशा तोडीचा पुरावा डीच्या बाजूने अजून नाही. डी कमी असेल तर भरून काढा, हाडांसाठी ते हवंच, आणि संध्याकाळी ठाण्याच्या तलावपाळीला चक्कर मारून ते मिळत नाही, त्याला दुपारचं ऊन लागतं. पण किटच्या जागी सॅशे, हे नाही.

आत्याला डॉक्टरांनी दुसरं कॉम्बिनेशन दिलं, त्यात बिस्मथ. यावेळी फोन आला तो काळ्या शौचाचा. म्हटलं बिस्मथने होतं तसं, पण चक्कर, थकवा किंवा डांबरासारखं चिकट असेल तर आत्ताच डॉक्टरकडे जा. तसं काही नव्हतं. कॅलेंडरवर चौदा फुल्या मारून झाल्या, उरलेली पट्टी यावेळी डब्यात नाही.