लोणी कमी, खरपूसपणा तेवढाच

ब्रेडला लोणी लावून भाजायचं ते चवीसाठी, असं मी पुष्कळ वर्षं समजत होते. त्याचं मोठं काम वेगळंच आहे. ब्रेडचा काप हाताला सपाट लागला तरी त्यावर बारीक खड्डेच खड्डे असतात. तव्यावर ठेवल्यावर फक्त उंचवटे टेकतात, खड्ड्यांत हवा अडकते आणि हवेतून उष्णता फार सावकाश जाते. वितळलेलं लोणी ते खड्डे भरतं आणि तव्याची आच सगळीकडे पोचवतं. एवढ्याला पातळ थर पुरतो. जास्तीचं लोणी ब्रेड नुसतं पिऊन टाकतो. मोठा चमचाभर लोण्यात साधारण 100 कॅलरी, छोट्या चमचाभर तेलात 40. ते तेल ब्रशने लावलं तर एका सँडविचच्या दोन्ही बाजू आरामात होतात.

खरपूस रंग आणि वास येतो तो प्रथिनं आणि साखर यांच्या अभिक्रियेतून. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी 1912 साली तिचं वर्णन केलं. साधारण 140 अंश सेल्सिअसच्या पुढे ती जोर धरते. पण ब्रेड ओला असेल तोवर तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूशीच अडून राहतं (समुद्रसपाटीपासून तीनशेएक मीटर उंच असलेल्या आपल्या नागपुरात पाणी 99 अंशांच्या आसपासच उकळतं). म्हणून टमाटरचे रसाळ काप आत घातले की सँडविच भाजण्याऐवजी वाफवलं जातं.

यावर उपाय सोपा आहे. टमाटरचा बियांचा गर काढून ठेवा, उरलेल्या फोडींना मीठ लावून दहा मिनिटांनी पिळा. मेयोनीजच्या जागी चक्का, त्यात सांबार (म्हणजे कोथिंबीर) आणि हिरवी मिरची. मध्यम आचेवर भाजताना वरून एखादं जड पातेलं ठेवा, आणि झालेलं सँडविच ताटात न ठेवता जाळीवर काढा. ताटात खालची वाफ कोंडते आणि मेहनतीने आणलेला कुरकुरीतपणा दोन मिनिटांत जातो.

आता सूप. अमेरिकेत आहारशास्त्रज्ञ बार्बरा रोल्स यांच्या गटाने 1999 मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. काही स्त्रियांना जेवणाआधी चिकन-भाताचा पदार्थ दिला; कधी नुसता, कधी सोबत ग्लासभर पाणी, कधी तेवढंच पाणी त्यातच घालून केलेलं सूप. कॅलरी तिन्ही वेळा सारख्याच होत्या. सूप प्यायल्यावर त्या पुढच्या जेवणात सुमारे 100 कॅलरी कमी खात. सोबत प्यायलेल्या पाण्याने मात्र काहीच फरक पडला नाही. अन्नात मिसळलेलं पाणी भूक भागवतं, शेजारी ठेवलेलं नाही, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

दाटपणासाठी क्रीम लागत नाही. मूठभर मूगडाळ कोहळ्याच्या (म्हणजे लाल भोपळ्याच्या) फोडींबरोबर शिजवा. डाळीतल्या स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात आणि घोटल्यावर सूप आपोआप दाट होतं.

शिजताना त्यातच बाजूला ठेवलेला टमाटरचा गर आणि पिळून निघालेलं पाणी घाला. टमाटरची चव गडद करणारं ग्लुटामेट गराभोवतीच्या त्या जेलीत बाहेरच्या मांसल भागापेक्षा बरंच जास्त असतं. पाण्यात मीठ आधीच आहे, तेव्हा वरून घालण्याआधी चाखून बघा.